नवं घोडं, नवं खोगीर: आधी पाठीचं माप, मग खरेदी

अकलूजच्या नाहीतर सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू आणायचं आणि त्याच टेम्पोत शेजारच्या दुकानातलं खोगीरही टाकायचं, हा सातारा-सांगलीकडं सर्रास चालणारा प्रकार आहे. खोगीर घेताना बघतात काय, तर चामडं चकाकतंय का आणि आपण त्यात ऐसपैस बसतो का. ज्याच्या पाठीवर ते चढणार, त्याची पाठ मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांत तंग (खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडं चावायला येतं, उतारावर थबकतं, चढू देत नाही, आणि सगळे मिळून त्याला अडेल ठरवतात.

शिंगराची पाठ तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान सतत बदलत असते. खांदे रुंदावतात, कामानं पाठीचे स्नायू भरतात, कण्याच्या हाडांची वाढ तर सगळ्यात शेवटी, साडेपाच-सहा वर्षांच्या आसपास पुरी होते. म्हणून 'एकदाच घेऊ पण भारी घेऊ' हा हिशेब इथं चालत नाही. आज बसणारं, उद्या थोडं बदलता येणारं आणि परवा विकता येणारं खोगीर शोधायचं आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. मधली एखादी गाळली की पुढच्या तपासणीला अर्थ राहत नाही.

१. आधी तोंड बघा, मग पाठ

विकणारा 'चार वर्षांचा पुरा' म्हणतो. दात काय म्हणतात ते बघा. पुढच्या दातांतली मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. वर-खाली मधली दोन-दोनच मोठी असतील, तर ते शिंगरू साडेतीनच्या आतलं आहे. त्याला लांब दोरावर फिरवा, कपडा-पट्ट्याची सवय लावा, पण बसायची घाई नको. खोगिराची खरेदीही मग पुढं ढकला, कारण आज घेतलेलं माप तोवर शिळं होणार.

नंतर घोडं सपाट कोब्यावर उभं करा. ओबडधोबड अंगणात नको. बाजूनं बघा: पुठ्ठा, म्हणजे ढुंगणावरचा उंचवटा, खांद्यापेक्षा उंच दिसतोय का? वाढत्या वयात मागची बाजू आधी उंचावते आणि पुढची मागाहून गाठते. अशा वेळी कुठलंही खोगीर पुढं, खांद्यावर घसरणारच. हा खोगिराचा दोष नाही आणि तंग जास्त आवळून तो जातही नाही. थांबणं हा एकच उपाय.

आता पाठ चाचपा. बोटांची पेरं कण्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापासून कमरेपर्यंत, पेरू पिकलाय का बघताना देतो तेवढा दाब देत न्या. एखाद्या जागी पाठ खाली दबते का, कातडी थरथरते का, कान मागं जातात का, ते बघा. त्याच जागी पुन्हा दाबा. दोन्ही वेळा तसंच झालं, तर खोगिराचा विषय बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या डॉक्टरांचा रोजचा संबंध गाई-म्हशींशी असेल, तर तिथं विचारलेलं बरं.

इशारा: दुखऱ्या पाठीवर खोगिराची तपासणी करू नका. घोडं पाठ चोरून उभं राहतं आणि सगळी मापं चुकतात.

२. खडूच्या दोन रेघा

पहिली रेघ खांद्याच्या फऱ्याच्या मागच्या कडेला मारा. बोटांनी ती कड स्पष्ट लागते. मग कुणाला तरी पुढचा पाय उचलून पुढं ताणायला सांगा आणि तुमचा हात त्या कडेवरच ठेवा. पाय पुढं जाताना फऱ्याचा वरचा भाग मागं सरकताना हाताला कळेल. दर पावलाला हे होतं. म्हणून खोगिराच्या सांगाड्याचं टोक या रेघेच्या मागं दोन ते तीन बोटं असायला हवं.

दुसरी रेघ शेवटच्या बरगडीची. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. सगळ्यात मागची बरगडी चाचपून धरा आणि तिच्या वळणानं वर कण्यापर्यंत या. तिथं रेघ. यापलीकडं कंबर, आणि कमरेखाली बरगड्यांचा आधार नसतो. खोगिराची गादी या रेघेच्या मागं जाता कामा नये.

या दोन रेघांमधली जागा किती भरते ते टेपनं मोजून लिहून ठेवा. आखूड पाठीच्या काठेवाडी घोड्यावर ती इतकी कमी निघते, की साडेसतरा इंची बैठकीचं खोगीर हातात घेण्याआधीच बाद होतं. बैठक स्वाराच्या मांडीप्रमाणं असते, गादीची लांबी घोड्याच्या पाठीप्रमाणं. दोन्हींचं जमत नसेल, तर स्वार बदलायचा. घोड्याची पाठ लांब करता येत नाही.

३. पुठ्ठ्याचे साचे

ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात वाकवली तशी राहणारी लवचिक पट्टी मिळते. नाही मिळाली तर लाइटच्या कनेक्शनची ॲल्युमिनियमची जाड वायर चालते, फक्त ती उचलताना फाकू देऊ नका. माप तीन जागी घ्या:

- फऱ्याच्या मागं दोन बोटांवर
- पाठ जिथं सगळ्यात खोल आहे तिथं
- शेवटच्या बरगडीवर

चौथं माप उभं, विदर्सपासून कमरेपर्यंत कण्यालगत. विदर्स म्हणजे मान संपते तिथला खांद्यावरचा उंचवटा. पट्टी दाबून बसवा, अलगद उचला, जाड पुठ्ठ्यावर आतल्या कडेनं रेघ मारा आणि कापा. प्रत्येक साच्यावर तारीख आणि 'डावा-उजवा' लिहा. तारीख नसलेला साचा दोन महिन्यांनी रद्दीत जातो, कारण तो कधीचा हे कुणालाच आठवत नाही.

माप घेताना मान सरळ आणि नेहमीच्या उंचीवर हवी. समोर वैरणीची पाटी ठेवली की घोडं शांत उभं राहतं खरं, पण मान खाली जाते आणि पाठ वर उचलली जाते. त्यामुळं पाटी कुणीतरी छातीच्या उंचीला धरा.

डावा आणि उजवा खांदा अगदी सारखे क्वचितच निघतात. थोडा फरक असला तर घाबरू नका. खोगीर मोठ्या खांद्याच्या मापानं घ्यायचं आणि लहान बाजूला पातळ फेल्टचा तुकडा द्यायचा. उलटं केलं तर मोठा खांदा रोज दाबला जातो.

४. वजनाचा हिशेब

हा भाग कुणाला आवडत नाही, म्हणून लवकर उरकू. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल तो आकडा साधारण किलोतलं वजन.

घेर १६० आणि लांबी १४० असेल, तर घोडं ३०० किलोच्या आसपास भरतं. पूर्ण वाढलेल्या, कसलेल्या घोड्यावर स्वार आणि सामान मिळून शरीराच्या २० टक्क्यांपर्यंत वजन चालतं, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे इथं ६० किलो, आणि त्यातले पाच-सात किलो खोगिराचे. नवशिक्या शिंगराला मी १५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. ४५ किलोत घरातला कोण बसतो ते तुम्हीच बघा. ऐंशी किलोचे दादा 'नुसता एक फेरा मारतो' म्हणाले, तरी खोगीर कितीही चांगलं असो, उत्तर नाही असंच.

५. कुठलं खोगीर बघायचं

आपल्याकडं मिळणारं चामडी खोगीर बहुधा कानपूरचं असतं. कानपूरच्या सॅडलरीला भौगोलिक मानांकनही आहे. माल चांगला असतो, पण 'मीडियम' या शिक्क्यावर विसंबू नका. एका कारखान्याचं मीडियम दुसऱ्याच्या नॅरोएवढं निघतं. तुमचा पुठ्ठा सांगेल तेच खरं.

शिंगरासाठी दोन प्रकार सोयीचे. एक, पुढची पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येणारं सिंथेटिक. दुसरं, गाद्यांत लोकर भरलेलं चामडी, ज्याची भरण काढता-घालता येते. फोमच्या गाद्या आहेत तशाच राहतात, त्यामुळं वाढत्या घोड्याला त्यांचा उपयोग थोडे दिवस. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं बदलत्या पट्टीचं साधं सिंथेटिक घ्या. हलकं असतं, धुता येतं, आणि त्याला चामड्याचा डौल नसला तरी शिंगराला त्याचं काही वाटत नाही.

टाळायचं ते तीन प्रकारचं. वरातीचं जरीकाम केलेलं खोगीर: खाली बहुतेकदा सपाट कडक लाकूड आणि कण्यासाठी मोकळी जागाच नाही. तासभर मिरवायला ठीक, शिकवायला नाही. दुसरं, रिकिबी अडकवलेला चारजामा, म्हणजे नुसत्या गादीचं खोगीर: आत सांगाडा नसल्यामुळं रिकिबीवर उभं राहिलं की सगळा भार एका पट्ट्यापुरता पाठीवर येतो. चारजामा वापरायचाच तर रिकिबी काढून. आणि तिसरं, 'आमच्या आधीच्या घोड्याचं आहे की'. ते त्या घोड्याचं होतं.

घोड्याची जातही लक्षात ठेवा. मारवाडीचे विदर्स उंच आणि अंग अरुंद असतं, तिथं पुढच्या कमानीला उंची हवी. भीमथडी किंवा गोल अंगाच्या तट्टूचे विदर्स सपाट असतात. त्यावर अरुंद 'व्ही' आकाराचं खोगीर वर बसून डुगडुगतं आणि उतारावर मानेवर येतं. तिथं कमान रुंद आणि गोलसर बघा. दुमची लावून घसरण थोडी थांबते, पण शिंगराला शेपटीखाली पट्टा सहन करायची सवय आधी लावावी लागते, आणि न बसणारं खोगीर दुमचीनं बसत नाही.

तपासा: दुकानदाराशी व्यवहार ठरवतानाच 'घोड्यावर घालून बघून आठ दिवसांत परत' ही अट बोलून, जमलं तर बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

६. खोगीर हातात घेऊन

जुनं असो वा नवं, आधी सांगाडा तपासा. पुढची कमान पोटाला टेकवा आणि मागची कड स्वतःकडं ओढा. बैठक मधोमध सुरकुतली, करकर आवाज आला किंवा एका बाजूला जास्त वाकली, तर सांगाडा तुटलेला असू शकतो. फुकट दिलं तरी घेऊ नका. मग उलटं करा आणि मागून एका डोळ्यानं बघा: दोन्ही गाद्या सारख्या जाडीच्या हव्यात. मधली खाच पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी. पुढं चार आणि मागं दोन, असं निमुळतं होत गेलेलं खूप दिसतं. मागं कण्यावर बसणार ते हेच. शेवटी तंगाच्या पट्ट्यांची शिवण ओढून बघा.

७. नमदा न घालता पाठीवर

सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि सगळ्यात जास्त वेळही इथंच द्यायचा आहे. खरारा करून पाठ स्वच्छ करा. खाली काहीही घालू नका, नमदा (खोगिराखाली घालायचं जाड लोकरी कापड) नाही, गोधडी नाही. खोगीर मुद्दाम थोडं पुढं, विदर्सवर ठेवा आणि केसांच्या दिशेनं मागं सरकवा. एका जागी ते आपसूक थांबतं. तीच त्याची जागा. आता तंग न लावता एकेक बघा:

पुढच्या कमानीखाली विदर्सच्या वर तीन बोटं उभी मावतात का? आणि विदर्सच्या दोन्ही बाजूंनाही थोडी फट हवी. वर मोकळं आणि बाजूंना चिमटा, असं असलं तर तीन बोटं मावूनही खोगीर अरुंदच.

बाजूनं बघा. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध आहे का? पुढची बाजू वर आणि मागची खाली, म्हणजे खोगीर अरुंद. पुढची बाजू खाली बसून मागची कड उचलली, म्हणजे रुंद. फक्त मागची कड पुढच्या कमानीपेक्षा किंचित उंच दिसणं हे बहुतेक खोगिरांत स्वाभाविक आहे, त्यावरून फसू नका. खोल भाग कुठं आहे ते बघा.

तळहात गादीखालून पुढून मागं सरकवत न्या. दाब सगळीकडं सारखा लागला पाहिजे. पुढं घट्ट, मधे हात मोकळा, मागं पुन्हा घट्ट, असं झालं तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. मग एक हात पुढं आणि एक मागं ठेवून आळीपाळीनं दाबा. डुललं तर उलटा प्रकार: मधे टेकलंय, टोकं अधांतरी.

शेवटी मागून वाकून बघा. खाचेतून पुढचा उजेड आरपार दिसला पाहिजे.

कराडजवळच्या एका बछेरीच्या (तरुण घोडीच्या) वेळी मालकानं असंच घातलेलं खोगीर दाखवलं. वरून दिसायला उत्तम. "बसतंय की, मामा," असं तो सोबतच्या चाबुकस्वाराला, म्हणजे घोडी शिकवणाऱ्याला, म्हणाला. मामांनी काही न बोलता त्याचाच हात धरून डाव्या गादीखाली सरकवला आणि बछेरीला एक पाऊल चालवलं. त्यानं हात झटकून बाहेर काढला, बोटांवर सांगाड्याच्या टोकाचा लालभडक वळ. खोगीर अर्ध्या साइजनं अरुंद होतं.

इशारा: अरुंद खोगिराखाली जाड नमदे घालून काही सुधारत नाही. प्रत्येक थरानं ते आणखी अरुंद होतं. बाजारात 'दोन गाद्या जास्त घाला, बसेल' असा सल्ला हमखास मिळतो. ती निव्वळ खोगीरभरती. किंचित रुंद खोगीर पुढं पातळ फेल्ट देऊन काही महिने चालवता येतं, आणि शिंगरू भरत जाईल तसा तो तुकडा काढता येतो. म्हणून शंका असेल तर झुकायचं रुंदकडं.

८. तंग

तंगाचे पट्टे सरळ खाली लोंबले पाहिजेत आणि कोपराच्या मागं चार बोटांवर, जिथं छाती सगळ्यात अरुंद असते, तिथं तंग यायला हवा. पट्टे त्या जागेच्या मागं लोंबत असतील, तर तंग स्वतःची जागा शोधत पुढं सरकतो आणि खोगिरालाही खांद्यावर ओढून नेतो. लोक अशा वेळी खोगीर मागं ढकलत बसतात. दर दहा मिनिटांनी ढकलावं लागतंय म्हणजे ते खोगीर त्या घोड्याचं नाही.

आवळताना एकेक भोक, दोन्ही बाजूंनी, मधे थोडं चालवून. घोडं पोट फुगवतं म्हणून गुडघा मारून आवळणं ही चाल विसरा. त्या एका झटक्याची आठवण ते वर्षानुवर्षं काढतं. आवळून झालं की दोन्ही पुढचे पाय एकेक करून पुढं ताणा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी मोकळी होते.

९. सवय, मग स्वार

क्रम असा: नुसता कपडा आणि पट्टा. मग रिकिबींशिवाय खोगीर, लांब दोरावर पावलानं आणि दुडकीनं, दोन्ही दिशांनी. मग रिकिबी वर बांधून, मग सोडून. यात किती दिवस जातील ते शिंगरू ठरवतं. घोडं कान ढिले सोडून दुडकी चालू लागल्याशिवाय पुढं जाऊ नका. या फेऱ्यांत खोगीर मागून बघत राहा: ते एका बाजूला कलतं का, मागची कड उडते का.

स्वार चढताना बांधावरून, जोत्यावरून किंवा पक्क्या स्टुलावरून चढा. जमिनीवरून रिकिबीला लोंबकळत चढलं की खोगीर डावीकडं ओढलं जातं, विदर्स पिळवटतात आणि सांगाडाही कालांतरानं वाकडा होतो. स्वार बसल्यावर विदर्सवरची फट पुन्हा मोजा. आता निदान दोन बोटं उरली पाहिजेत.

तपासा: रिकिबीची वादी जिथं अडकते तिथला छोटा खटका शिंगरावर बसताना उघडा ठेवा. स्वार पडून पाय अडकला, तर वादी सुटून आली पाहिजे.

१०. घाम काय सांगतो

वीस-पंचवीस मिनिटांच्या कामानंतर खोगीर सावकाश उचला. लगेच पाठ पुसू नका. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी वाट, हे ठीक. ओल्या पट्ट्याच्या मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथं एकतर फार दाब आहे किंवा गादी टेकतच नाही. हात घालून कोणतं ते ठरवा. केस उलटे फिरलेले किंवा विस्कटलेले असतील, तर खोगीर घासतंय.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि चित्र पुसट होतं. तिथं जुन्या पांढऱ्या धोतराची एकेरी घडी खोगिराखाली घाला. पाठीवरची धूळ कापडावर उमटते आणि काळा डाग जिथं दाट, तिथं दाब जास्त. उलट महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात नमदा दिवसभर वाळत नाही. दोन नमदे आलटून पालटून वापरा. मीठ धरून कडक झालेला नमदा चांगल्या खोगिराखालीही पाठ सोलवटतो.

केस पांढरे उगवण्याची वाट बघू नका. तो डाग दिसतो तेव्हा मार लागून महिने झालेले असतात.

११. दर महिन्याला पुन्हा

पाच वर्षांच्या आतल्या घोड्याचे साचे महिन्याला एकदा पाठीवर ठेवून बघा. जुना पुठ्ठा वर उचलला गेला, तर पाठ भरली. कडेनं फट पडली, तर उतरली. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर सुटलेलं घोडं आणि उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावरचं घोडं यांचं माप एक नसतं, तेव्हा दसऱ्याच्या आसपास आणि होळीनंतर सातवी पायरी पूर्ण करा. कामात दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तरीही.

मधेच यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी खोगीर काढा: तंगाकडं हात नेताच कान मागं जाणं, चढताना पाठ खाली चोरणं, आधी जमणारं वळण एका बाजूला नाकारणं, काम झाल्यावर पाठीवर गरम सूज. सूज पूर्ण उतरून, दाबल्यावर घोडं निवांत उभं राहीपर्यंत पाठीवर काहीच चढवायचं नाही. तोवर लांब दोरावर, रिकाम्या पाठीनं शिकवणं चालू ठेवा. खोगीर परत चढवायच्या आधी सूज नेमकी गादीच्या कुठल्या भागाखाली आली होती ते खडूनं गादीवर खूण करून भरण करणाऱ्याला दाखवा. नुसतं 'पाठ लागली' असं सांगितलं, तर तो सगळीकडं थोडी लोकर कोंबून परत देईल.